विद्युत-उष्णतेचा नियम शोधणारे जेम्स जूल

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स प्रेस्कॉट जूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी इंग्लंडमधील सॅल्फर्ड येथे बिअर-उत्पादकाच्या कुटुंबात झाला. विद्यापीठात न शिकलेल्या जूल यांनी पाण्यात तारेचे वेटोळे ठेवून तापमान मोजले आणि १८४० मध्ये दाखवून दिले, की तारेतील उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दहापट झाल्यास त्याच तारेत तेवढ्याच वेळात शंभरपट उष्णता निर्माण होते. ती बाहेर पडण्यास अवधी न मिळाल्यास धातू क्षणार्धात वितळतो. फ्यूजची तार याच तत्त्वावर घराचे रक्षण करते. रॉयल सोसायटीने या शोधनिबंधाचा केवळ सारांश छापला. तरीही जूल यांनी प्रयोग थांबवले नाहीत. त्याच संस्थेने १८५० मध्ये त्यांना सदस्यत्व दिले. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी त्यांचे निधन झाले. ऊर्जेचे आंतरराष्ट्रीय एकक त्यांच्याच नावाने ओळखले जाते.