मळवलीचे शिळाछाप आणि फाळक्यांचा पडदा

आवडत्या अद्भुत कथेवर चित्रपट निघाला, की तिचा निष्ठावंत वाचक बहुधा हिरमुसला होऊन चित्रगृहाबाहेर पडतो. मनातला नायक पडद्यावरच्या नटाशी जुळत नाही, ही त्याची तक्रार. धुंडिराज गोविंद फाळके यांच्यापुढे ही अडचण फारच बिकट रूपात उभी होती. त्यांना जी कथा दाखवावयाची होती ती कीर्तनातून व ओव्यांतून घरोघरी पाठ होती आणि तिचे नायक देव होते.

१८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांच्या चरित्रात लोणावळ्याचा मुक्काम एका वाक्यात उरकला जातो. हे न्याय्य नव्हे. पुरातत्त्व खात्याची नोकरी सोडल्यावर त्यांनी येथे छापखाना काढला आणि राजा रविवर्म्याच्या नावाने मळवलीस चालणाऱ्या मुद्रणालयासाठी शिळाछापाचे काम केले. मळवलीचा डोंगर ओलांडला की पलीकडे बेडसे. तेथील चैत्यगृहाच्या कारागिरांनी लाकडी वास्तूची धाटणी दगडात उतरविली होती. माध्यम पालटले तरी वास्तू ओळखीची राहिली. मळवलीच्या शिळांवर तेच निराळ्या रीतीने घडत होते. पुराणातले राम, सरस्वती, लक्ष्मी रंगीत कागदावर उतरून सामान्यांच्या देवघरांत पोहोचत होते. देवांचे चेहरे लोकांच्या मनात ठरून गेले ते या छापांनी.

१९११ साली मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून फाळके झपाटले. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने व विम्याची पॉलिसी गहाण पडली, अतिश्रमाने दृष्टी काही काळ गेली, तरी १९१२ मध्ये ते विलायतेहून कॅमेरा घेऊन आले. फिल्मला भोके पाडण्याचे किचकट काम सरस्वतीबाईंनी अंगावर घेतले. तारामतीच्या कामाला एकही स्त्री मिळेना, तेव्हा साळुंके नावाच्या उपाहारगृहातील आचाऱ्याला लुगडे नेसविण्यात आले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ कॉरोनेशन चित्रगृहात लागला. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच! प्रेक्षकांनी तेही गोड मानून घेतले. याचे श्रेय भाबडेपणाला देण्याची घाई करू नये. वेष, उभे राहण्याची ढब, दागिने हे सारे भिंतीवरच्या तसबिरीतून ओळखीचे होते. फाळक्यांनी त्या तसबिरीला चालते केले. अर्थात याची किंमतही पडली. प्रत्येकाच्या मनातला निराळा कृष्ण हळूहळू एकसारखा होऊ लागला, आणि पुढील पौराणिक चित्रपटांनी तर तो साचाच करून टाकला.

फाळके स्वतः मात्र याबाबत अधिक सावध असावेत. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये कृष्णाची भूमिका त्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी हिने केली. चित्राच्या आरंभी ती तिच्या साध्या रूपात येते, चेहऱ्यावरचे भाव पालटून दाखविते आणि मग पाहता पाहता तिच्या जागी मुकुटधारी कृष्ण उमटतो. ही नक्कल आहे हे आधी सांगून टाकावयाचे आणि तरीही नागाच्या फणीवर तिला नाचताना पाहून प्रेक्षकाला भुलवावयाचे, एवढा विश्वास पुढच्या फार थोड्या दिग्दर्शकांना आला.

बोलपटांच्या जमान्यात १९३७ चे ‘गंगावतरण’ हे त्यांचे अखेरचे चित्र. १९४४ साली नाशकात त्यांचे निधन झाले. त्यांची बहुतेक चित्रे आज नष्ट झाली आहेत. ‘हरिश्चंद्रा’चे काही भागच उरले. मंदाकिनीचा कृष्ण मात्र सुदैवाने बराचसा शाबूत आहे.