राज्य मावळले, विद्या उरली : बाबासाहेब आणि मराठवाडा

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रातील महाडचा सत्याग्रह, पुणे करार, संविधाननिर्मिती आणि धम्मदीक्षा हे टप्पे आपणांस मुखोद्गत आहेत. मराठवाड्याच्या इतिहासाला वळण देणारा त्यातील अध्याय मात्र त्या मानाने कमी सांगितला जातो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला, तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ दूर हैदराबादेत, आणि त्याचे माध्यम उर्दू. मराठी मुलाला उच्च शिक्षण दुर्मीळ होते. अस्पृश्य मुलाच्या वाटेत भाषेसोबत जात आणि दारिद्र्यही उभे होते.

या प्रजेशी बाबासाहेबांचे नाते जुने होते. डिसेंबर १९३८ मध्ये कन्नड तालुक्यातील मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेस ते उपस्थित होते. १९४७ च्या अखेरीस संस्थानाचे भवितव्य अधांतरी असताना, निजामाची वा इत्तेहादची बाजू घेऊ नये आणि दबावाखाली धर्मांतर करू नये, असे त्यांनी हैदराबादेतील दलितांना निक्षून बजावले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. परंतु सत्ता बदलली म्हणून गावकुसाबाहेरचे जीवन आपोआप बदलत नाही, हे बाबासाहेब जाणून होते. मुक्त झालेल्या मराठवाड्याला त्यांनी महाविद्यालय दिले. १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयापाठोपाठ, जून १९५० मध्ये तत्कालीन औरंगाबाद येथे हे महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. पुढे त्यास मिलिंद हे नाव लाभले आणि परिसर नागसेनवन झाला. राजाने निर्भयपणे प्रश्न विचारावेत, भिक्षूने तितक्याच निर्भयपणे उत्तरे द्यावीत आणि पटल्यावर राजाने ते मान्य करावे, ही बौद्ध परंपरा या नावांतून विद्यार्थ्यांपुढे कायमची ठेवली गेली.

१९५५ साली भाषावार राज्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी मराठवाड्याचा प्रश्न पुन्हा मांडला. निजामाने उपेक्षिलेला हा प्रदेश मोठ्या राज्यातही उपेक्षितच राहील, अशी त्यांना चिंता होती. म्हणून मराठवाड्याचा समावेश असलेले मध्य महाराष्ट्राचे वेगळे राज्य त्यांनी सुचविले. ती सूचना स्वीकारली गेली नाही. अनुशेषाच्या चर्चा ऐकताना त्या चिंतेची आठवण आजही होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य नकाशावरून पुसले गेले. त्याआधी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली होती. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. मागे राहिलेल्या नागसेनवनाने कष्टकऱ्यांच्या मुलांतून शिक्षक, लेखक आणि कार्यकर्ते घडविले. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव मिळण्यास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. त्या मागणीसाठी पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे यांच्यासारख्या भीमसैनिकांनी प्राणांचे मोल दिले.

राजवटी येतात आणि जातात. वसतिगृहातील दिव्याखाली उघडलेले पुस्तक मात्र पिढ्यांचे भाग्य बदलते. आपल्या विद्यालयात पहिल्यांदाच अक्षर गिरवणाऱ्या घरातील मूल दाखल होते, तेव्हा बाबासाहेबांचे मराठवाड्यातील कार्य पुढे चालू राहते. ते अर्ध्यावर न सोडणे, हेच त्यांना खरे अभिवादन ठरेल.

जय भीम! नमो बुद्धाय!