मेलेल्या प्रोसेस मोजायला शिकवणारा माणूस : डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री दोन वाजता फोन वाजला. सर्व्हर नवीन कनेक्शन घेत नव्हता, पण मी लिहिलेली मॉनिटरिंग स्क्रिप्ट मात्र 'सगळं ठीक' असंच सांगत होती. लॉगिन करून पीएस कमांड चालवली, तर समोर शेकडो ओळी आणि प्रत्येकीपुढे 'डिफंक्ट'. म्हणजे झोंबी प्रोसेस. माझी स्क्रिप्ट फक्त मुख्य प्रोसेस जिवंत आहे का, एवढंच बघत होती. ती जिवंत होतीच. पण तिची मेलेली पोरं इतकी साचली होती की, प्रोसेसची मर्यादा संपली आणि फोर्क फेल व्हायला लागलं.

दुसऱ्या दिवशी एका सीनियरने टेबलावर एक जाडजूड पुस्तक ठेवलं आणि पाचवं प्रकरण वाच म्हणून सांगितलं. त्या पुस्तकाचे लेखक तोपर्यंत हयात नव्हते. त्यांचीच ही ओळख.

विल्यम रिचर्ड स्टीव्हन्स यांचा जन्म 1951 साली लुआन्श्या इथे झाला. तेव्हाच्या उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात. वडील तांब्याच्या उद्योगात, त्यामुळे लहानपणी गावं आणि देश बदलत राहिले. पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातून 1973 मध्ये त्यांनी एअरोस्पेस इंजिनिअरिंगची पदवी घेतली. म्हणजे शिक्षण विमानांचं आणि नाव झालं नेटवर्कमध्ये! 1975 ते 1982 ते ॲरिझोनातल्या किट पीक वेधशाळेत प्रोग्रामर होते. नोकरी करता करता ॲरिझोना विद्यापीठातून सिस्टिम्स इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स आणि 1982 मध्ये पीएचडी केली. मग आठ वर्षं न्यू हेवनमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटिंग विभाग सांभाळला.

1990 मध्ये 'युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंग' आलं. त्यानंतर नोकरी सोडून ते टूसॉनला परतले आणि पूर्णवेळ लेखन करू लागले. 1992 मध्ये 'ॲडव्हान्स्ड प्रोग्रामिंग इन द युनिक्स एन्व्हायर्नमेंट', 1994 ते 1996 दरम्यान 'टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड'चे तीन खंड. त्यातल्या दुसऱ्या खंडात, गॅरी राइट यांच्यासोबत, त्यांनी बीएसडीच्या नेटवर्किंगचा सुमारे 15,000 ओळींचा खरा कोड उलगडून दाखवला. पुस्तकांची छपाईची पानंसुद्धा ते स्वतः ट्रॉफ वापरून तयार करायचे.

आता माझ्या झोंबींकडे येऊ. युनिक्समध्ये प्रोसेस संपली तरी तिची नोंद लगेच पुसली जात नाही. ती कशी संपली, हे पालक प्रोसेस विचारेपर्यंत कर्नल ती नोंद सांभाळून ठेवतो. मूल संपलं की पालकाला सिगचाइल्ड नावाचा सिग्नल जातो. माझा हिशोब साधा होता: एक सिग्नल आला की एकदा वेट करायचं. इथेच मी फसलो होतो, कारण हे सिग्नल रांगेत उभे राहत नाहीत.

दाराच्या बेलचं उदाहरण घ्या. घरात मिक्सर चालू आहे आणि पाच पाहुण्यांनी पाठोपाठ बेल वाजवली. तुम्हाला ती एकदाच ऐकू आली. तुम्ही दार उघडलं, एकाला आत घेतलं आणि दार लावलं. चौघे बाहेरच! स्टीव्हन्स यांनी 1998 च्या दुसऱ्या आवृत्तीत नेमकं हेच करून दाखवलं. एका क्लायंटने सर्व्हरला पाच कनेक्शन जोडली आणि पाचही एकदम तोडली. सिग्नल हँडलर एकदाच चालला, चार झोंबी उरले. शिवाय दर वेळी आकडा तोच येईल याचीही खात्री नाही. म्हणून तर टेस्टिंगमध्ये सगळं नीट चालतं आणि खऱ्या लोडवर बिघडतं.

उपाय अगदी छोटा आहे. हँडलरमध्ये वेटपिड लूपमध्ये बोलवायचं, सोबत डब्ल्यूनोहँग हा पर्याय द्यायचा. म्हणजे दार उघडल्यावर बाहेर कोणी उरलं नाही हे दिसेपर्यंत एकेकाला आत घ्यायचं. डब्ल्यूनोहँग कशासाठी? तो नसेल तर शेवटी जिवंत मुलाची वाट बघत पालक तिथेच अडकून बसेल. माझ्या कोडमध्ये एकच ओळ बदलावी लागली.

पण ओळीपेक्षा मोठी गोष्ट मी तिथे शिकलो. सिग्नल म्हणजे 'काहीतरी घडलं' एवढीच सूचना, तो मोजणीचा आकडा नव्हे. किती घडलं, हे आपणच कर्नलला विचारायचं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या मर्यादेवर चिडायचं नाही, ती नेमकी कुठे आहे ते आधी बघायचं. स्टीव्हन्स यांची सगळी पुस्तकं अशीच आहेत: छोटा प्रोग्राम लिहायचा, चालवायचा, आउटपुट समोर ठेवायचं, मग बोलायचं. सिलेक्टमध्ये ठरावीक आकड्याच्या पुढचे डिस्क्रिप्टर, लिनक्सवर सहसा 1024, मावत नाहीत. तिथे पोल का वापरायचं, हेही मला त्यांच्याच पुस्तकातून कळलं.

1 सप्टेंबर 1999 रोजी, वयाच्या अवघ्या 48 व्या वर्षी, ते गेले. 'युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंग'चा नियोजित तिसरा खंड लिहायचा राहूनच गेला. 2000 मध्ये युझनिक्स संस्थेने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव दिला. नंतर इतर लेखकांनी त्यांच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या काढल्या, पण मुखपृष्ठावर त्यांचं नाव कायम ठेवून.

आज बरंचसं काम सिस्टिमडी आणि कंटेनर परस्पर सांभाळतात. तरी कंटेनरमध्ये पहिली प्रोसेस म्हणून आपलाच प्रोग्राम चालत असेल, तर अनाथ झालेली पोरं त्याच्याच गळ्यात पडतात आणि जुना प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो. म्हणून आज एक काम करा. तुमच्या सर्व्हरवर पीएस चालवा आणि 'झेड' स्थितीतल्या प्रोसेस किती आहेत ते बघा. एखादी क्षणभर दिसली तर घाबरू नका. आकडा वाढतच चालला असेल, तर मात्र रात्री दोनच्या फोनची वाट बघू नका.