सशाचा एक जीवाश्म आणि उत्क्रांतिवादाची परीक्षा: कोण होते जे. बी. एस. हाल्डेन?

जीवसृष्टी कुणीतरी निर्माण केली की ती हळूहळू घडत गेली? सोशल मीडियावर हा वाद पेटला की दोन्ही बाजू हिरिरीने भांडतात. पण एक प्रश्न क्वचितच विचारला जातो: तुमचं म्हणणं चुकीचं ठरायचं असेल, तर नेमकं काय सापडायला हवं?

या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारा शास्त्रज्ञ म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन. जन्माने ब्रिटिश आणि अखेर भारतीय नागरिक.

गणितातून जीवशास्त्रात

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डमध्ये झाला. वडील श्वसनक्रियेचे नावाजलेले संशोधक. हाल्डेन मात्र गणित आणि ग्रीक-लॅटिन शिकले. पहिल्या महायुद्धात लढून आल्यावर ते जीवशास्त्राकडे वळले. नैसर्गिक निवड किती वेगाने काम करते, हे त्यांनी गणिताने मांडलं.

पहिला सजीव कुठून आला?

१९२९ मध्ये त्यांनी जीवाच्या उगमावर एक लेख लिहिला. सुरुवातीच्या पृथ्वीवर हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हता, अतिनील किरणांमुळे साध्या वायूंपासून सेंद्रिय पदार्थ बनले आणि समुद्रात साचत गेले, असा त्यांचा अंदाज होता. रशियन शास्त्रज्ञ ओपारिन यांनी १९२४ मध्येच अशी कल्पना मांडली होती. पुढे हाल्डेन यांनी हे श्रेय त्यांना मोकळेपणाने दिलं.

हा अंदाज तपासता येणारा होता. १९५३ मध्ये अमेरिकेत स्टॅनली मिलर यांनी पाण्याची वाफ, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या सोडल्या. काही दिवसांतच त्यात अमिनो आम्लं मिळाली. जुन्या खडकांच्या अभ्यासातूनही कळलं की, हवेत ऑक्सिजन वाढला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे पृथ्वी जन्मल्यानंतर बऱ्याच काळाने.

अर्थात, अमिनो आम्लं म्हणजे सजीव नव्हे. पहिली पेशी कशी बनली, हे कोडं आजही सुटलेलं नाही. शिवाय उत्क्रांतिवाद मुख्यतः सांगतो तो सजीव आल्यानंतर ते कसे बदलले, हे. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

सृष्टीवाद्यांशी सामना

डग्लस ड्यूअर हे भारतात सनदी अधिकारी राहिलेले आणि इथल्या पक्ष्यांवर लिहिणारे ब्रिटिश गृहस्थ. ते उत्क्रांतिवादाचे कट्टर विरोधक होते. हाल्डेन यांचा त्यांच्याशी झालेला वाद १९४९ मध्ये पुस्तकरूपात आला.

प्रत्येक गट स्वतंत्रपणे निर्माण झाला असेल, तर मधले दुवे सापडायला नकोत. उत्क्रांती झाली असेल, तर ते सापडायला हवेत, तेही योग्य वयाच्या खडकात. अशा शोधाचं नंतरचं उदाहरण म्हणजे 'टिक्टालिक'. मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्यामधला दुवा कॅनडातल्या साधारण ३७.५ कोटी वर्षं जुन्या खडकात मिळाला. संशोधक तिथे मुद्दाम त्या वयाचे खडक शोधत गेले होते.

आणि उत्क्रांती खोटी कशाने ठरेल? ५४ कोटी वर्षांहून जुन्या खडकात ससा सापडला तर, हे उत्तर हाल्डेन यांच्या नावावर सांगितलं जातं. कारण तेव्हा सस्तन प्राणी तर सोडाच, मासेही नव्हते. असा ससा आजवर सापडलेला नाही.

महाराष्ट्राशी जोडलेला अंदाज

१९४९ मध्येच त्यांनी सुचवलं की थॅलेसेमियाचं एकच सदोष जनुक असलेल्यांना मलेरियापासून संरक्षण मिळत असावं, म्हणूनच ते जनुक टिकून राहतं. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत सिकलसेलबाबत हेच दाखवून दिलं. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल का आढळतो, याचं उत्तर याच विचारात आहे. सृष्टीवादातून असा अंदाज निघत नव्हता.

हाल्डेन चुकले नाहीत का?

चुकले. ते कम्युनिस्ट होते. सोव्हिएत संघात लायसेन्कोने जनुकशास्त्र मोडीत काढलं, तेव्हा त्यांनी बराच काळ ठाम विरोध केला नाही. पुराव्याचा आग्रह धरणाऱ्यालाही स्वतःच्या विचारसरणीला तीच कसोटी लावणं जड गेलं.

१९५७ मध्ये ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरमध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेनुसार देह काकिनाडाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

पुढच्या वेळी कमेंटमध्ये हा वाद रंगला, तर समोरच्याला आणि स्वतःलाही एवढंच विचारा: तुमच्या मताचा 'ससा' कोणता?