सावित्रीबाईंच्या घराचे उघडे दार

सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४० साली जोतीराव फुले यांच्याशी विवाह होऊन त्या पुण्यास आल्या. अक्षरओळख त्यांना पतीकडून झाली. १८४८ साली भिडे वाड्यातील मुलींच्या शाळेत त्या शिकवू लागल्या, तेव्हा त्या अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. अंगावर शेणमाती झेलत त्या शाळेत जात. या कार्यापायी उभयतांना वडिलोपार्जित घरही सोडावे लागले.

शाळेची ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्याइतकेच मोलाचे कार्य पुढे त्यांच्या स्वतःच्या घरात घडले. त्या काळी उच्चवर्णीय विधवेस गर्भ राहिल्यास तिच्यापुढे जीव देणे किंवा अर्भकाचा जीव घेणे, एवढेच मार्ग उरत. १८६३ साली फुले दांपत्याने आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. अशा स्त्रीने तेथे गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे आणि मूल हवे तर तेथेच ठेवावे, अशी सोय होती. बाळंतिणींची शुश्रूषा सावित्रीबाई स्वतः करीत. तेथे आश्रयास आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा पुत्र यशवंत त्यांनी दत्तक घेतला.

१८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाच्या अन्नछत्रांसाठी त्या राबल्या. १८९० साली जोतीराव निवर्तले. दत्तकपुत्राच्या अधिकारास भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले आणि त्या अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालल्या.

यशवंत पुढे डॉक्टर झाले. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा मायलेकरांनी हडपसरच्या बाजूस, गावाबाहेर माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलास सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले. त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या बालकास एका उघड्या दाराने वाचविले, त्याच्याच दवाखान्यात सेवा करता करता त्या गेल्या.

मेहरूणच्या या वसतिगृहाच्या आश्रयाने शिकलेल्या आपणा सर्वांस या चरित्राचा अर्थ वेगळा सांगावयास नको. पाटी हाती येण्यापूर्वी निवारा, दोन वेळचे अन्न आणि आजारपणात उशाशी बसणारे माणूस लागते. सावित्रीबाईंनी ही तिन्ही कामे शिक्षणाचाच भाग मानली. त्यांचे स्मरण करावयाचे, तर आपल्या घराचे दार कोणासाठी उघडे आहे, हे प्रत्येकाने पाहावे.