भाऊसाहेब बांदोडकर आणि कुळाचे शेत

गोमंतकाचे पहिले मुख्यमंत्री कै. दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी आपल्याच पेडणे महालात झाला. सामान्य परिस्थितीतून वर येऊन त्यांनी खाणव्यवसायात मोठे यश संपादन केले. अडल्यानडल्यांना सढळ हाताने साह्य करणारे ‘भाऊसाहेब’ म्हणून ते घरोघर परिचित झाले.

त्या काळी आपल्याकडे भात पिकविणारा बहुधा कूळ असे. जमीन भाटकाराची, देवस्थानाची अथवा गावकरीची. पुढील वर्षी तेच शेत आपल्याकडे राहील, याची त्याला शाश्वती नसे. ज्या शेतावर उद्याचा भरवसा नाही, त्याच्या मातीची निगा मनापासून कोण राखील?

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोमंतक मुक्त झाला. डिसेंबर १९६३ मधील निवडणुकीनंतर भाऊसाहेब मुख्यमंत्री झाले व पुढच्याच वर्षी कूळ कायदा संमत झाला. त्यामुळे कुळाला मनमानीने शेतातून काढणे अशक्य झाले आणि खंडालाही मर्यादा आली. खेडोपाडी शाळा उघडून त्यांनी त्याच कुळांच्या मुलांना विद्येचे दार मोकळे केले. १२ ऑगस्ट १९७३ रोजी, मुख्यमंत्रिपदी असतानाच, त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर यांच्या कारकिर्दीत, १९७६ साली, कायद्यात दुरुस्ती होऊन कसणारे कूळ जमिनीचे मालक ठरले.

मात्र हक्कापाठोपाठ कर्तव्यही आले. खाडीकाठच्या खाजन शेतात मातीचा बांध खारे पाणी अडवितो. मानशीचे दार भरतीला मिटते व ओहोटीला उघडते. पूर्वी ज्या बांधांची काळजी गावकरी वाहत असे, त्यांचा भार पुढे कुळांच्या संघांवर आला. जेथे संघ जागे राहिले, तेथे भात पिकत राहिले. जेथे हयगय झाली, तेथे खारे पाणी शिरून शेते पडीक झाली.

आज समुद्राची पातळी चढत आहे आणि पाऊसही पूर्वीसारखा नेमाने पडत नाही. खारेपणा सोसणारा आपला कोरगूट भात आणि त्यातूनच एला येथील कृषी संशोधन संस्थेने निवडलेले ‘गोवा धान-१’ हे वाण अशा वेळी मोठा आधार आहेत. परंतु बांध फुटून शेत रोज भरतीखाली बुडू लागले, तर कोरगूटही तगत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, भाऊसाहेबांच्या कायद्याने आपल्या आजोबा-पणजोबांच्या पायाखालची जमीन स्थिर केली. ती राखणे आता आपल्याकडे आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी वडीलधाऱ्यांबरोबर बांधावर दोन पाट्या माती घालावयास अवश्य जा.