नोकरी शोधणारा आइन्स्टाइन



आइन्स्टाइनवरचा धडा किंवा निबंध आला की आपण वर्गात काय सांगतो? विस्कटलेले केस, सापेक्षतेचा सिद्धांत, नोबेल पुरस्कार. वर तो शाळेत गणितात नापास झाला होता, हेही ठोकून देतो. हे शेवटचं खरं नाही बरं का. त्याचं गणित लहानपणापासून उत्तम होतं. त्याला नापास केलं ते नोकरी देणाऱ्यांनी, आणि तेही एकदा नाही, अनेकदा.

ही गोष्ट आज आठवायला कारण आहे. माझ्याबरोबर डी.एड. झालेल्या एका मैत्रिणीचा मागच्या महिन्यात फोन आला. खाजगी शाळेत आठ वर्षं झाली, पगार तुटपुंजा, घरखर्च भागत नाही. राजीनामा देऊन मोकळी होऊ का, असं विचारत होती. मला पटकन उत्तर देता आलं नाही. मग हा माणूस आठवला. चला तर, त्याच्या आयुष्यातली नऊ वर्षं बघूया.

अल्बर्ट आइन्स्टाइनचा जन्म १४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतल्या उल्म गावी झाला. वडील हरमान यांचा विजेच्या उपकरणांचा धंदा होता. तो जर्मनीत नीट चालला नाही म्हणून कुटुंब इटलीला गेलं, तिथेही तेच झालं. १८९६ मध्ये १७ वर्षांचा अल्बर्ट स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. कोणत्या शाखेत, माहीत आहे? गणित आणि विज्ञानाचे शिक्षक तयार करणाऱ्या शाखेत! म्हणजे १९०० साली त्याच्या हातात पडली ती आपल्यासारखीच शिक्षकाची पदविका.

त्याच्याबरोबर पास झालेल्या सोबत्यांना तिथेच सहायकाच्या जागा मिळाल्या. अल्बर्टला मात्र नाही. यात सगळा दोष नशिबाचा नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तो तास बुडवायचा. परीक्षेला मार्सेल ग्रॉसमन या मित्राच्या वह्या वाचून बसायचा. प्राध्यापकांशी बोलताना मान राखायचा नाही. मग शिफारस कोण करणार?

आता सुरू झाली वणवण. त्याने जर्मनी, हॉलंड, इटलीतल्या प्राध्यापकांना पत्रं पाठवली. एका पत्रासोबत तर उत्तरासाठी तिकिटाचे पैसे भरलेलं पोस्टकार्डही जोडलं होतं, समोरच्याला खर्च नको म्हणून. कुठूनही जागा मिळाली नाही.

पालकहो, इथे जरा थांबा. एप्रिल १९०१ मध्ये हरमान यांनी मुलाला न सांगता लाइपझिगच्या ओस्टवाल्ड नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. मुलगा खचला आहे, आपण घरावर भार झालो असं त्याला वाटतं, तेव्हा जमलं तर नोकरी द्या, निदान त्याचा लेख वाचून धीराचे दोन शब्द तरी लिहा, अशी ती विनंती होती. स्वतःचा धंदा बुडालेला, ओळखपाळख नाही, आणि हा बाप अनोळखी माणसापुढे पदर पसरतो. त्या पत्राचा काही उपयोग झाला नाही.

पुढे अल्बर्टला विंटरथुर गावी दोन महिन्यांची बदली शिक्षकाची जागा मिळाली. मूळ शिक्षक लष्करी सेवेसाठी गेले होते. सकाळी पाच-सहा तास घेऊनही तो आनंदात असायचा, शिकवणं त्याला आवडलं होतं. ते संपल्यावर शाफहाउझेन इथे एका खाजगी वसतिशाळेत एका मुलाला परीक्षेसाठी तयार करण्याचं काम मिळालं. तिथे संस्थाचालकाशी खटके उडाले आणि तेही काम काही महिन्यांत सुटलं.

वर्गात सांगण्याची ही बाब नाही, पण आपण मोठ्यांनी समजून घ्यावी. पॉलिटेक्निकमधली सहाध्यायी मिलेव्हा हिच्याशी त्याला लग्न करायचं होतं. घरचा विरोध होता आणि हाताला काम नव्हतं. १९०२ च्या सुरुवातीला त्यांना मुलगी झाली, तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं आणि नोकरीही नव्हती. बेकारी माणसाला कुठे आणून सोडते ते यातून दिसतं.

त्याच फेब्रुवारीत तो बर्न शहरात आला आणि त्याने वर्तमानपत्रात शिकवणीची जाहिरात दिली. गणित आणि भौतिकशास्त्र शिकवू, पहिला तास मोफत! आपल्याकडच्या क्लासच्या बोर्डावर असतं ना, अगदी तसंच.

शेवटी कामी आला तो वह्या देणारा मित्र. ग्रॉसमनच्या वडिलांची बर्नच्या पेटंट कार्यालयाचे संचालक हालर यांच्याशी ओळख होती. त्यांनी शब्द टाकला. तरी जागा निघून नेमणूक व्हायला वर्षाहून जास्त काळ गेला. जून १९०२ मध्ये अल्बर्ट रुजू झाला. हुद्दा तिसऱ्या श्रेणीचा तांत्रिक तपासनीस, नेमणूक तात्पुरती, पगार वर्षाला ३,५०० फ्रँक. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हरमान गेले. मुलाला लागलेली नोकरी त्यांना जेमतेम साडेतीन महिने बघायला मिळाली. पुढचं काहीच नाही.

१९०३ च्या जानेवारीत लग्न झालं, १९०४ मध्ये मुलगा झाला आणि त्याच वर्षी नोकरी कायम झाली. आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास काम. लोकांनी पाठवलेली यंत्रांची चित्रं तपासायची, त्यातली चूक शोधायची आणि नेमक्या शब्दांत लिहायची. त्याने या कामाला कमी लेखलं नाही. कुठल्याही दाव्यावर आधी शंका घ्यायची ही सवय तिथे पक्की झाली. काम लवकर आटपलं की स्वतःची गणितं काढायची, कोणी आलं की कागद ड्रॉवरमध्ये! संध्याकाळी मित्रांबरोबर पुस्तकं वाचून वाद घालायचे.

आणि मग आलं १९०५ साल. २६ वर्षांच्या या कारकुनाने एका वर्षात प्रकाश, अणूंचं अस्तित्व, सापेक्षता, वस्तुमान आणि ऊर्जा यांवर असे लेख लिहिले की भौतिकशास्त्राची दिशाच बदलली. ना प्रयोगशाळा, ना विद्यापीठाची खुर्ची.

आपल्याला वाटेल, आता तर नोकऱ्या चालत आल्या असतील. छे! १९०६ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि कार्यालयात दुसऱ्या श्रेणीत बढती होऊन पगार ४,५०० फ्रँक झाला, एवढंच. १९०७ मध्ये बर्न विद्यापीठात व्याख्याता होण्यासाठी अर्ज केला, तर नियमाप्रमाणे वेगळा प्रबंध जोडला नाही म्हणून तो अडला. मग १९०८ च्या सुरुवातीला त्याने झुरिकच्या एका शाळेत गणित शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला. सोबत आपले लेखही जोडले. एकूण २१ अर्ज आले होते आणि शेवटच्या तिघांतही त्याचं नाव नव्हतं. शिक्षक मित्रांनो, सापेक्षतेचा सिद्धांत मांडून झाल्यावर हा माणूस शाळामास्तरच्या निवडीत मागे पडला होता!

तो चिडून बसला नाही. राहिलेला प्रबंध लिहून दिला आणि बर्नमध्ये व्याख्याता झाला. हे काम नियमित पगाराचं नव्हतं. सकाळी सात वाजता व्याख्यान, समोर दोन-तीन श्रोते, तेही बहुतेक ओळखीचे. व्याख्यान संपलं की कार्यालय गाठायचं.

पुढे झुरिक विद्यापीठात प्राध्यापकाची नवी जागा निघाली. तिथले प्राध्यापक क्लाइनर त्याचं व्याख्यान ऐकायला आले, पण ते काही फारसं रंगलं नाही. आइन्स्टाइनने पुन्हा संधी घेतली, तयारी करून झुरिकला व्याख्यान दिलं आणि निवड झाली. पगार मात्र आधीच्यापेक्षा कमी देऊ केला होता, म्हणून त्याने सरळ नकार कळवला. विद्यापीठाने पेटंट कार्यालयाइतका पगार कबूल केला तेव्हाच तो हो म्हणाला. जुलै १९०९ मध्ये त्याने राजीनामा लिहिला आणि ऑक्टोबरपासून तो मोकळा झाला. रुजू झाल्यापासून सात वर्षं लोटली होती.

पुढचं आपल्याला माहीत आहे. १९१२ मध्ये ज्या पॉलिटेक्निकने साधा सहायक म्हणून घेतलं नव्हतं, तिथेच ते प्राध्यापक म्हणून गेले. १९२१ चं नोबेल मिळालं ते प्रकाशावरच्या कामासाठी, म्हणजे त्या १९०५ च्या कारकुनी काळातल्या लेखासाठी. आणि नोबेलसाठी त्यांचं नाव सर्वांत आधी कोणी सुचवलं होतं? ओस्टवाल्ड यांनी, १९१० च्या पुरस्कारासाठी. हरमान यांनी ज्यांना पत्र लिहिलं होतं, तेच. हे बघायला हरमान नव्हते, याची मला राहून राहून चुटपुट लागते.

मैत्रिणीला मी परत फोन केला. म्हटलं, राजीनामा जरूर दे, पण दुसरीकडचं पत्र हातात आल्यावर दे. तोवर अर्ज करत राहा, आणि नियमात राहिलेला कागद असेल तर रुसून न बसता तो पूर्ण कर. नव्या ठिकाणी पगाराचं स्पष्ट बोल, त्यात लाज कसली? आणि रोजचा एक तास तुझ्या आवडीच्या अभ्यासाला ठेव. तिने टीईटीची पुस्तकं पुन्हा काढली आहेत. राजीनामा अजून दिलेला नाही.

पालकहो, तुमचा मुलगा किंवा मुलगी नोकरीच्या शोधात घरी बसली असेल, तर हरमान आठवा. त्यांच्या पत्राने नोकरी मिळाली नाही, पण त्यांनी मुलाला नालायक ठरवलं नाही. शेजारच्या मुलाचा पगार जेवताना काढू नका, एवढं तर आपल्या हातात आहे ना?

आणि शिक्षक मित्रांनो, पुढच्या वेळी वर्गात ही गोष्ट सांगताना गणितात नापास झाल्याचं सोडून द्या. त्या ऐवजी शाळेच्या २१ अर्जांची गोष्ट सांगा. मुलं जास्त लक्ष देऊन ऐकतात, मी करून पाहिलंय.